निळी तार आणि लॅटिमरआईंचा फोन

लॅटिमरआईंचा फोन मी ठीक करून देतो, असं मी भर उपासनेत, सूचनांच्या वेळी, उभं राहून सांगितलं. बसल्या बसल्या पुटपुटलो असतो तर कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं. पण आमच्या चर्चच्या मंडळीत उभ्यानं बोललेला शब्द म्हणजे देवाच्या साक्षीनं दिलेला शब्द, आणि त्यात मी डीकन, म्हणजे चर्चची कामं बघणारा सेवक. शेजारी बसलेल्या ओडेसानं, म्हणजे माझ्या पत्नीनं, मला खाली बसवण्यासाठी कोट ओढला. तो खिशापाशी उसवला. या प्रकरणातलं ते पहिलं नुकसान.

लॅटिमरआई या आमच्या मंडळीच्या आई, म्हणजे चर्चमधल्या सगळ्यांत मानाच्या वडीलधाऱ्या. वय नव्वदीच्या घरात. कंबरेचं हाड मोडल्यापासून टेकडीवरच्या आपल्या घरात खाटेवर पडून असतात. तिथल्या पायऱ्या अशा, की चढणारा धडधाकट माणूसही वर पोचेपर्यंत आपली सगळी पापं आठवतो. पण आईंनी रविवार म्हणून चुकवला नाही. त्या फोनवरून हजर असत. चर्चची ध्वनियंत्रणा माझ्याकडे आहे. टॉलिव्हरबुवांच्या माइकमधला आवाज फोनमध्ये सोडायचा आणि आईंचा आवाज फोनमधून कर्ण्यावर आणायचा, ही माझी सेवा.

टॉलिव्हरबुवा म्हणजे आमचे पाळक. त्यांचं प्रवचन ज्यानं ऐकलं नाही त्याला ते सांगून कळणार नाही, तरी सांगतो. सुरुवातीला ते बँकेतल्या कारकुनासारखे बोलतात, चष्मा पुसत, शांतपणे. मग वाक्याच्या शेवटाला जरासा सूर चिकटू लागतो. ऑर्गनवाला तो सूर अलगद उचलतो. वाक्यं आखूड होतात, श्वास ऐकू यायला लागतात, आणि बोलणं कुठे संपलं नि गाणं कुठे सुरू झालं हे एका देवालाच ठाऊक. त्यानंतरचं मी लिहीत नाही. मी हिशेबी माणूस आहे, विमा कंपनीत नुकसानीचे अंदाज काढण्यात आयुष्य गेलं. पण त्या क्षणी हातातला रुमाल कुठे जातो हे मला आजवर समजलेलं नाही.

मात्र बुवा एकटे त्या उंबऱ्यापलीकडे जात नाहीत. कुणीतरी खालून “सांगा, बुवा” म्हणावं लागतं, आणि ते नेमक्या जागी म्हणावं लागतं. हे काम वर्षानुवर्षं लॅटिमरआईंचं. बुवा शाळकरी होते तेव्हा त्यांना भजनाची ओळ कशी द्यावी, म्हणजे आधी एकट्यानं गाऊन मग सगळ्यांकडून कशी म्हणवून घ्यावी, हे आईंनीच शिकवलं. आईंचा आवाज आला की बुवा सुटले. आणि आता टॉलिव्हरबुवा निवृत्त होणार होते. शेवटच्या प्रवचनाचा रविवार ठरला होता, आणि नेमका तेव्हाच फोन बिघडला.

फोन जुना, बटणांचा, साबणाच्या वडीएवढा. टेकडीवरचा टॉवर कंपनीनं बदलला आणि तेव्हापासून हा फोन लांब कॉलच्या मध्येच मान टाकायचा आणि स्वतःची स्वागताची धून वाजवत पुन्हा उठायचा. बुवा सुराच्या काठावर आले, की इकडे टिंग टिंग टुंग. आई नाहीत म्हणून बुवा तिथूनच मागे फिरायचे. दोन-तीन रविवार मंडळी कोरडीच घरी गेली.

नवा फोन घेऊन दिला नाही असं समजू नका. वर्गणी काढून चांगला महागातला आणला होता. पण त्या फोनच्या मते माणसाचं बोलणं तेवढा आवाज, बाकी सगळा गोंगाट. बुवा बोलत तोवर एकेक शब्द स्वच्छ. त्यांनी सूर धरला, की फोन इमानदारीनं तो पुसून टाकायचा. ऑर्गनसकट. आईंनी बुवांना निरोप धाडला की हल्ली मधूनमधून गप्प का होता, घसा कुणाला तरी दाखवा. मग आम्ही इंटरनेटवरून जोडून पाहिलं. त्यात सूर पोचला, पण आईंचं “सांगा, बुवा” इतकं उशिरा परत आलं की तोवर बुवांचं आटोपून मी सूचना देत होतो की मागच्या दाराशी पांढरी गाडी कुणाची आहे ती हलवावी. आईंनी नवा फोन त्याच्या खोक्यात घालून, वर फीत बांधून परत पाठवला. म्हणून मी उभा राहिलो.

आमच्या सॅन डिएगोत, निदान आमच्या गल्लीत, सल्ला मिळवायला बाहेर पडावं लागत नाही. अर्धी गल्ली फोन कंपन्यांतून निवृत्त झालेली. मी गॅरेजचं दार नुसतं वर केलं तर समोरचे फान खुर्ची घेऊन हजर. त्यांचं आयुष्य अँटेनात गेलं, त्यामुळे जगातला प्रत्येक आजार त्यांना अँटेनाचा वाटतो. पाठोपाठ कोवाल्स्की आला. त्याचं म्हणणं, आतला सगळा प्रोग्रॅम टाकून द्यावा आणि नव्यानं लिहावा. किती वेळ लागेल विचारलं तर म्हणाला, माणसं द्या. दोघांनी मिळून ओडेसानं चर्चसाठी भाजलेला पीचचा कॉबलर, फळांचा तो गोड पदार्थ, संपवला, एकमेकांच्या जुन्या साहेबांची उणीदुणी काढली, आणि जाता जाता फान म्हणाले की हा फोन अजून कुणाला कळत असेल तर ती विल्मा ओस्ट्रँडर. कोवाल्स्की एवढा बोलका माणूस, पण नाव ऐकताच वाद सोडून घराकडे वळला.

विल्माबाईंनी दार उघडलं ते नमस्कार न करता मॉडेल विचारत. मी फोन पुढे केला. त्यांनी तो सदऱ्याच्या बाहीनं पुसला, कानाशी धरून हलवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते मी एरवी नवजात बाळ हातात घेणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावरच पाहिलं आहे.

त्यांचं काम त्यांनी मला गॅरेजात उभ्यानंच समजावलं. फर्मवेअर म्हणजे फोनच्या हाडात मुरलेला प्रोग्रॅम. टॉवरशी कोणत्या शब्दांत बोलायचं, कुठे थांबायचं, हे त्याला ठाऊक असतं. हा फोन करणारी कंपनी केव्हाच बुडाली. पण जगभर विखुरलेली मूठभर हट्टी माणसं त्याचा प्रोग्रॅम अजून सांभाळतात. टॉवरवाल्यांनी काही बदललं की ही मंडळी आपल्या प्रोग्रॅमला नवी रीत शिकवतात. पगार नाही, नाव नाही. आता खिशातल्या फोनवर असले प्रयोग करता येत नाहीत. त्याला मोठा बोर्ड लागतो, ज्यावर तोच फोन उघडा करून, अवयव अवयव वेगळा मांडलेला असतो. कंपनीचे मूळ बोर्ड मोजकेच होते, त्यातला शेवटचा निवर्तला. तेव्हा विल्माबाईंनी आणि त्यांच्या मित्रांनी त्याची हुबेहूब नक्कल केली. रेघ न् रेघ, भोक न् भोक.

मी न राहवून म्हटलं की बाई, ही तर भक्ती झाली. त्यावर त्या म्हणाल्या, “ज्याचा मूळ प्रोग्रॅम वाचायला मिळत नाही त्याबद्दल मी मत देत नाही.” देवाविषयी इतकं सभ्य अविश्वासाचं वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही.

ठरलं असं. टॉवर काय नवीन बोलतो हे त्या टॉवरखालीच ऐकावं लागणार. मी नक्कल बोर्डासाठी टॉवरवाल्या कंपनीचं सिम कार्ड मिळवायचं, बोर्ड घरी नेऊन ते बसवायचं, आणि शनिवारी सगळं घेऊन आईंच्या घरी जायचं. तिथे विल्माबाई येतील. निघताना त्यांनी बोर्ड माझ्या हातात दिला आणि एकच सूचना केली, की कार्डाच्या खाचेखेरीज कशालाही हात लावायचा नाही.

कार्ड मिळवणं म्हणजे मला पाच मिनिटांचं काम वाटलं होतं. दुकानातली मुलगी फार अदबशीर. म्हणाली, फोन दाखवा. मी चहाच्या ट्रेएवढा बोर्ड काउंटरवर ठेवला. तिनं तो बराच वेळ पाहिला आणि हळू आवाजात विचारलं, “हा असा कुणी फोडला?” फोडलेला नाही, जन्मतः असा आहे, हे पटवण्यात वेळ गेला. मग तिच्या संगणकानं मॉडेल मागितलं. आमचं मॉडेल यादीत नव्हतं. यादीतलं काहीतरी निवडल्याशिवाय पुढचं पान उघडेना. वरिष्ठ आले, त्यांनी बोर्ड उलटा करून पाहिला, त्यांचे वरिष्ठ फोनवर आले. शेवटी सर्वानुमते माझ्या बोर्डाची नोंद ‘लहान मुलांचं घड्याळ’ अशी झाली. तेव्हापासून मला दर सोमवारी संदेश येतो की आपला पाल्य शाळेत सुखरूप पोचला आहे. ओडेसा तो मोठ्यानं वाचून दाखवते.

आता त्या निळ्या तारेकडे येतो.

बोर्ड घरी आणून मी दिव्याखाली ठेवला. चर्चचे माइक, तारा, त्या जोडायचं डाखकाम हे सगळं मी बघतो, त्यामुळे या विषयात आपल्याला डोळा आहे असा माझा समज. सगळा बोर्ड देखणा, हिरवागार, रेघा आखलेल्या वहीसारख्या. आणि वरून ही निळी तार, या कोपऱ्यातून निघून त्या कोपऱ्यापर्यंत, लग्नातल्या गर्दीत पायजम्याची नाडी लोंबावी तशी. खालच्या एका रेघेचा तुकडाही खरवडून तोडलेला. मी कोवाल्स्कीला बोलावलं. त्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि निकाल दिला, की ही नक्कल करणाऱ्याची ढिलाई, रेघ सांधली की तारेचं काही काम नाही. विल्माबाईंना तेवढीच मदत करावी, त्यांनी न सांगता करावी, आणि नंतर त्यांनी म्हणावं की डीकन, तुमच्यासारखा माणूस हवा होता, इतकं सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी तार काढली, रेघ सांधली, डाख घासून चकचकीत केला. इतकं सुबक काम मी चर्चसाठीही केलेलं नाही.

बोर्ड उठला नाही. बटण दाबून, हलवून, फुंकर घालून, फानना अँटेना धरायला लावून, मी एकट्यानं गुडघे टेकूनही. कोवाल्स्कीला अचानक दंतवैद्याकडे जायचं आठवलं.

विल्माबाईंकडे गेलो तेव्हा बोर्ड टॉवेलात गुंडाळलेला होता. त्यांनी एक कोपरा वर केला आणि विचारलं, “तार कुठाय?” ती माझ्या खिशातच होती, उसवलेल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डाखणी, म्हणजे डाख द्यायची सळई, तापत ठेवली आणि मास्तरांनी ढ पोराला सांगावं तसं सांगितलं. ज्यांनी पहिला बोर्ड बनवला त्यांच्याकडून रेघ चुकली. बोर्ड छापून आले होते, म्हणून त्यांनी वरून तार टाकली. बोर्डाच्या आत एक घड्याळ असतं, त्याच्या तालावर सगळं चालतं; तारेतून फिरून आल्यामुळे त्याचा ठोका जरा उशिरा पोचतो, आणि बोर्डाचा पुढचा सगळा प्रोग्रॅम तो उशीर गृहीत धरून लिहिलेला. “तुम्ही चूक सुधारलीत. आता ठोका वेळेवर येतो, आणि प्रोग्रॅम अजून दारात पोचलेलाच नसतो.”

मग नक्कल करताना तुम्हीच ती चूक का नाही सुधारलीत, असं मी विचारलं. दुखावलेल्या माणसाला प्रश्न सुचतात.

“मग मी नक्कल कशाची केली असती? माझ्या शहाणपणाची?”

हे उत्तर मला गाडीत बसेपर्यंत झोंबत होतं आणि घरी पोचेपर्यंत पटलं. लॅटिमरआई भजनाची ओळ देतात तेव्हा तिसऱ्या ओळीत एका जागी त्यांचा आवाज फाटतो आणि तिरका वर जातो. त्यांच्या आजोबांचा तिथे फाटायचा, दात पडले होते म्हणून. आईंनी तो तसाच उचलला, आईंकडून बुवांनी, बुवांकडून सगळ्या मंडळीनं. मध्यंतरी एक शिकलेला ऑर्गनवाला आला होता, त्यानं ती जागा शास्त्रशुद्ध करून वाजवली. सगळं चर्च त्या एका जागी मुकं झालं, अंधारात जिन्याची पायरी चुकावी तसं. तेव्हा त्याला समजावायला गेलो होतो तो मीच. आणि इकडे परक्या बाईंनी जिवापाड जपलेली जागा मी खरवडून काढली होती.

शनिवारी विल्माबाई पायऱ्या चढून आल्या, वाटेत प्रत्येक वळणावर बसत, पण बोर्ड कुणाच्या हातात न देता. लॅटिमरआईंनी खाटेवरून त्यांना आपादमस्तक पाहिलं आणि मला विचारलं की हिला खायला काही दिलंस का. बोर्ड खाटेजवळच्या टेबलावर मांडला, त्याला छोटा कर्णा, माइक आणि विल्माबाईंचा संगणक जोडला आणि चर्चमध्ये फोन लावला. अडचण अशी, की ज्या संदेशानं फोन मान टाकतो तो टॉवरकडून लांब कॉलमध्येच येतो, कधी येईल ते टॉवरची मर्जी. म्हणजे पलीकडून कुणीतरी सतत बोलत राहायला हवं. बुवांना उद्यासाठी घसा जपायचा होता. म्हणून पलीकडे ओडेसाला बसवली होती.

ओडेसानं आधी आठवड्याच्या सूचना वाचल्या. मग कोलार्डची भाजी किती वेळ शिजवावी ते सांगितलं. मग विषय संपले, आणि विषय संपले की तिच्याकडे मी असतो. न्हाणीघराचा नळ मी डिंकानं चिकटवला तो प्रसंग, सासऱ्यांच्या अंत्यविधीला मी दुसऱ्याच प्रेतयात्रेत गाडी घातली तो प्रसंग, कोटाचा खिसा. “आणि आई, हा माणूस झोपेतसुद्धा सूचना देतो, काल रात्री मला म्हणाला की सर्वांनी उभं राहावं.” बोर्डाचा कर्णा लहान, पण फार स्पष्ट. आई खाटेवर हसून हसून खोकत होत्या. विल्माबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या की बाईंचं छान चाललंय, त्यांना मध्ये तोडू नका.

मी देवाकडे काहीतरी मागणार इतक्यात बोर्डानं मान टाकली, आणि विल्माबाईंनी टेबलावर हलकेच थाप मारली. सापडलं होतं. नवा टॉवर फोनला आजूबाजूच्या टॉवरांची यादी धाडतो, ती पूर्वीपेक्षा लांब झाली. जुन्या प्रोग्रॅमनं तिला दिलेल्या खोलीत ती मावत नाही, भिंत फोडून पलीकडे घुसते. शेजाऱ्यांची यादी लांबली की माणूस कसा कोसळतो हे मला वेगळं समजावण्याची गरज नव्हती.

विल्माबाईंनी लिहिलं ते मोजक्या ओळींचं. मला वाटलं, झालं. पण उरलेली दुपार त्या दुसरंच करत होत्या: ही खोली वाढवताना शेजारची एकही वीट हललेली नाही ना, हे एकेक करून बघत होत्या. बदलण्यापेक्षा न बदलण्यासाठी एवढे कष्ट घेणारं माणूस मी आयुष्यात प्रथम पाहत होतो. मी चहा केला, तो गार झाला, पुन्हा केला. मला तिथे चर्चमध्ये बोलतो तशा हलक्या आवाजात बोलावंसं वाटत होतं.

मग नवा प्रोग्रॅम आईंच्या फोनमध्ये भरायची वेळ आली. केबल मी घातली. मीच का, तर माझा हात जवळ होता. जुन्या फोनची खाच कुरकुरली आणि केबलसकट आत गेली. लॅटिमरआई म्हणाल्या, “डीकन, तू जरा बाहेर जाऊन प्रार्थना कर बघू.”

नवी खाच फान मिळवून बसवणार होते, पण ते आठवड्यानंतर. बुवांचं शेवटचं प्रवचन उद्यावर आलं होतं. मी व्हरांड्यात उभा असताना आतल्या दोघींनी परस्पर ठरवून टाकलं, की उद्या आई बोर्डावरूनच ऐकतील.

रविवारी सकाळी मी बोर्ड टेबलावरून उचलून आईंच्या गोधडीवर ठेवला. ठेवताना माझ्या कोटाच्या बाहीचं बटण निळ्या तारेत अडकलं आणि तिचं एक टोक सुटलं. डाखणी टेकडीखाली, विल्माबाईंच्या गॅरेजात. खाटेशी बसलेल्या विल्माबाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. सुटलेलं टोक त्यांनी जागेवर टेकवलं, वर आपलं बोट दाबून धरलं आणि म्हणाल्या, “तुम्ही तुमच्या जागी जा.”

चर्च काठोकाठ भरलेलं. फान आणि कोवाल्स्की मागच्या बाकावर टाय लावून. टॉलिव्हरबुवांनी चष्मा पुसला. विषय होता वाट पाहण्याचा. बोलत बोलत ते उंबऱ्याशी आले, थांबले. मी बटणावर हात ठेवून उभा. आणि कर्ण्यातून आवाज आला, थकलेला, फाटका, पण अगदी आपल्या जागेवर पडलेला: “सांगा, बुवा.”

ऑर्गननं सूर धरला आणि बुवा गेले. भिंती मागे सरकल्यासारखं वाटत होतं. ओडेसा उभी होती, मी उभा होतो, फान टाळ्या वाजवत होते, उलट्या ठोक्यावर, पण मनापासून. बुवांनी सगळं गाऊन टाकलं. मग आवाज उतरू लागला. वय झालंय, त्यांनी रुमाल काढला, शेवटचा आशीर्वाद द्यायला हात वर केला. तेवढ्यात कर्ण्यातून दुसराच आवाज आला, कोरडा, सरकारी खिडकीतून यावा तसा.

“थांबू नका.”

सगळं चर्च कर्ण्याकडे बघायला लागलं. बुवांनीही पाहिलं. मग त्यांनी रुमाल खिशात घातला आणि जिथे सोडला होता त्याच्या वरचा सूर उचलला. ते पुन्हा उतरायला लागले, तर पुन्हा तेच, “थांबू नका.” आणि एकदा आणखी. निवृत्त होणाऱ्या माणसाकडून एवढं गाणं कुणी काढून घेतलेलं मी पाहिलेलं नाही. शेवटी आशीर्वाद झाला तेव्हा लोक एकमेकांना विचारत होते की आईंजवळ बसलेली ती भगिनी कोणत्या मंडळीची.

उपासना सुटल्याबरोबर मी टेकडी चढलो. आई उशांना टेकून डोळे मिटून पडल्या होत्या, चेहरा धुतल्यासारखा. विल्माबाई खुर्चीत ताठ बसलेल्या, डोळे पडद्यावर. मी आधी त्यांचे आभार मानले, मग विचारलं की ते ‘थांबू नका’ कशासाठी.

“यादी यायची होती,” त्या म्हणाल्या. “तुमचे बुवा आवरायला लागले. कॉल संपला असता तर बोर्ड टिकतो की नाही ते कळलंच नसतं.”

“मग आली यादी?”

“मी पहिल्यांदा बोलले त्यानंतर लगेच. बोर्ड जागचा हलला नाही.”

मी जरा विचार केला. “पण तुम्ही त्यानंतरही दोनदा म्हणालात.”

विल्माबाईंनी घसा साफ केला. “एकदा टिकला म्हणजे टिकला, असं आम्ही धरत नाही. पुन्हा पुन्हा तपासावं लागतं.”

लॅटिमरआईंनी डोळे न उघडताच मला हाक मारली. “डीकन, हिला जेवायला थांबवून घे. आणि तारेवरचं तिचं बोट उचल, कॉल केव्हाच संपलाय.”